नवऱ्याची संमती

सावेरिया अंजिरं उलटत होती. ऑगस्ट लागला की पेत्रासेका गावातल्या प्रत्येक गच्चीवर बोरूच्या चटया पसरत आणि त्यांवर उभी चिरलेली अंजिरं. सकाळी एक बाजू, दुपार कलल्यावर दुसरी, आणि दव पडायच्या आत सगळी घरात. लग्नानंतरचे पंधरा उन्हाळे तिनं हेच केलं होतं. सासू मीका दाराच्या सावलीत खुर्ची टाकून बसे आणि रोज एक तरी चूक शोधून काढी.

"ते कडेचं राहिलं."

"उलटलंय, आई."

"मग दिसत का नाही तसं?"

सावेरियानं ते अंजीर उचलून पुन्हा त्याच बाजूवर ठेवलं. मीकाचं समाधान झालं.

सावेरियाचा नवरा नीकोदेमो अकरा वर्षांपूर्वी, पन्नास साली, आर्जेंटिनाला गेला. आधी पत्रं आली, मग सणासुदीची नुसती कार्डं, आणि गेली सहा वर्षं काहीच नाही. मूल नव्हतं. गावात अशा एकोणीस बायका होत्या. काळं न नेसताच विधवा झालेल्या, म्हणून त्यांना 'पांढऱ्या विधवा' म्हणत. नांदत्या बाईच्या डोक्याला रंगीत रुमाल, विधवेच्या डोक्याला काळा, आणि यांच्या डोक्याला तपकिरी. जत्रेत हिंडायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, संध्याकाळच्या घंटेनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. नवरा कधीही दारात उभा राहील अशा बेतानं जगायचं, आणि तोवर त्याच्या आईचे पाय चेपायचे.

त्या सकाळी तिच्या पोलक्यात एक पत्र होतं. घरातल्या बाईचं टपाल घरातल्या पुरुषाच्या हातात द्यायचं, ही गावची रीत. पोस्टमन ती चर्चमधल्या नेमासारखी पाळी. म्हणून सावेरियाच्या धाकट्या बहिणीनं, टीटानं, स्वित्झर्लंडहून पत्र पाठवलं ते शाळामास्तरीण एल्विराबाईंच्या नावे. एल्विराबाई मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, गावचे पुरुष जेवून झोपले की, बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. दोन हिवाळ्यांत सावेरिया अक्षर लावून वाचू लागली होती. हे पत्र तिनं स्वतः वाचलं. त्याला पाऊण तास लागला.

टीटाच्या सूतगिरणीत जागा होती. मालकानं कामाचा कागद दिला होता, पण जागा फक्त नाताळपर्यंत राखणार होता. खाली टीटानं यादी केली होती: जन्मदाखला, कुटुंबाचा दाखला, चारित्र्याचा दाखला, दोन फोटो, आणि नवऱ्याची लेखी संमती. शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

लपवून काही होण्यासारखं नव्हतं, कारण प्रत्येक दाखल्याला नगरपालिकेत जावं लागणार होतं, आणि तिथला कारकून फोर्तुनातो हा तिच्या दिराचा, कोसिमोचा, व्याही म्हणण्यासारखा. कोसिमोच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातात धरलं होतं. पेत्रासेकात हे नातं रक्तापेक्षा घट्ट धरतात. म्हणून कोसिमो रात्री आईकडे जेवायला आला, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

मीकाच्या हातातला चमचा थांबला. "पासपोर्ट? आणि माझ्या तोंडात घास कोण घालणार?"

"कोसिमोची बायको आहे, आई. भिंतीला भिंत लागून आहे."

"तिला चार पोरं आहेत. तुला काय आहे?"

कोसिमो मात्र चिडला नाही. त्यानं पाव मोडला आणि तो रश्शात बुडवला. "जाऊ दे की. कायदा आहे, तो सगळ्यांना आहे. वहिनी, दादाची सही आण, मी स्वतः बसपर्यंत पेटी उचलीन."

तो एवढ्या शांतपणे का बोलला हे सावेरियाला त्या वेळी कळलं नाही. तिला तो चांगुलपणाही वाटला नाही. या घरात चांगुलपणा असा आवाज करत नसे.

फोर्तुनातोनं तिला तासभर उभं ठेवलं. मग चष्मा पुसला.

"कुणाला पाहिजे पासपोर्ट?"

"मला."

"नवऱ्याकडे जायला?"

"नाही. स्वित्झर्लंडला. कामाला."

"म्हणजे नवरा एका दिशेला आणि बायको दुसऱ्या. छान. त्याची लेखी संमती लागेल. बायकोला नवऱ्याच्या हुकुमाशिवाय सरकार सरहद्द ओलांडू देत नाही. कायदा मी केलेला नाही, बाई."

"तो कुठे आहे मला माहीत नाही, साहेब."

"बायकोला माहीत नाही, मग मला कुठून माहीत असणार?"

"आपल्या वकिलातीला लिहून विचारता येतं म्हणतात."

त्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कोरा कागद ओढला आणि तिच्यासमोरच, सुरेख वळणदार अक्षरात, वकिलातीमार्फत नीकोदेमोला पत्र लिहिलं. आपली पत्नी परदेशी जाऊ इच्छिते, आपली संमती आहे किंवा कसे, ते कळवावे. शिक्का मारला. शिक्का वाळावा म्हणून फुंकर घातली. सावेरियानं दोनदा आभार मानले.

सप्टेंबरात ती विचारायला गेली, उत्तर नव्हतं. महिन्याअखेरीस गेली, तेव्हा तो म्हणाला, "पुरुष गप्प बसला म्हणजे नाही म्हणाला. हो म्हणायला कुणी एवढा वेळ लावत नाही."

दरम्यान ती बाकीची तयारी करत राहिली. जन्मदाखला मिळाला. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस हवालदारानं विचारलं की अकरा वर्षांत कुणा पुरुषाशी बोललीस का. ती म्हणाली, तुमच्याशी बोलतेय. त्यानं दाखला आठ दिवस अडवला आणि मग दिला.

जत्रेच्या दिवशी फोटोग्राफर आला. चर्चच्या भिंतीवर त्यानं पांढरी चादर ठोकली आणि पुढे स्टूल ठेवलं. सावेरिया बसली.

"रुमाल काढा. पासपोर्टच्या फोटोत कपाळ आणि कान दिसावे लागतात."

कारंज्यावर घागरी भरणाऱ्या बायका थांबल्या. त्यांत जेसुमीना होती. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी, नीकोदेमो गेला त्याच बंदरातून, तशाच बोटीनं गेला होता. तिच्याही डोक्याला तपकिरी रुमाल होता, आणि तिच्याइतकी तिखट जीभ गावात दुसरी नव्हती.

"दाखव बाई, कान दाखव," जेसुमीना म्हणाली. "नवऱ्याला नकोत, तर सरकारला तरी बघू देत."

बायका हसल्या. सावेरियानं हनुवटीखालची गाठ सोडली. रुमालाच्या रेषेखाली तिचा चेहरा उन्हानं करपलेला होता आणि रेषेवरचं कपाळ लहान मुलासारखं पांढरं. फोटोत दोन वेगळ्या बाया जोडल्यासारखं ते दिसलं.

चार प्रती मिळाल्या. त्यातल्या दोन तिनं वाटेतच एल्विराबाईंकडे दिल्या, कारण ती आपल्या घराला ओळखत होती. उरलेल्या दोन कोसिमोनं त्याच संध्याकाळी मागून घेतल्या, नीट पाहिल्या आणि चुलीत घातल्या. मीका म्हणाली, "भर चौकात, उघड्या डोक्यानं. माझ्या पोराचं नाव घालवलंस." तीन दिवस ती सावेरियाच्या हातचं जेवली नाही. कोसिमोच्या बायकोनं वाटी आणून दिली, आणि ती वाटी घासली मात्र सावेरियानं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी एल्विराबाईंनी वर्ग संपल्यावर तिला थांबवलं. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवून वाचलं होतं.

"नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर त्याच्या जागी न्यायाधीश परवानगी देऊ शकतो. अर्ज मी लिहीन. सोबत नवऱ्याच्या जन्मनोंदीचा उतारा लागेल."

"तो फोर्तुनातोच देणार ना? मग झालंच."

"नाही. प्रत्येक नोंदवही दोन प्रतींत लिहितात. एक इथं, दुसरी जिल्ह्याच्या कोर्टात. एका ठिकाणी आग लागते, उंदीर लागतात."

"आणि फोर्तुनातो लागतात," सावेरिया म्हणाली. एल्विराबाई हसल्या. सावेरियाला आपण विनोद केल्याचं नवल वाटलं.

दाढ दुखते असं घरी सांगून ती बुधवारी सकाळच्या बसला बसली. एल्विराबाई पुढच्या थांब्यावर चढल्या. कोर्टाच्या तळमजल्यावरच्या कारकुनाला पेत्रासेका कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं, आणि तिच्या दृष्टीनं तेच बरं होतं. त्यानं एकोणीसशे एकवीसची वही काढली, पान उघडलं, बोट फिरवलं आणि थांबला.

"कशासाठी हवाय म्हणालात उतारा?"

"नवऱ्याची संमती मिळत नाही," एल्विराबाई म्हणाल्या. "न्यायाधीशांकडे अर्ज करायचाय."

"मेलेल्या माणसाची संमती कशी मिळणार?" तो म्हणाला. त्याला वाटलं त्यांची काही गफलत झाली आहे. त्यानं वही फिरवून त्यांच्याकडे केली. "हे बघा ना, समासात आहे. जन्मनोंदीशेजारी मृत्यूची नोंद करतात. तुमच्या नगरपालिकेनंच कळवलंय. बाई विधवा आहेत. विधवेला कुणाच्या संमतीची गरज नाही."

एल्विराबाईंनी वाचायला वही जवळ ओढली. सावेरियानं त्यांचा हात बाजूला केला. तिनं बोट समासावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावलं. मृत. रोसारियो, आर्जेंटिना. पाच मार्च. एकोणीसशे छप्पन्न. खाली नोंद कळवणाऱ्याची सही होती. सुरेख, वळणदार अक्षर.

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शब्द तेच राहिले.

"शिक्क्याचा उतारा द्या," ती म्हणाली. "समासासकट."

परतीच्या वाटेवर ती रडली नाही. तिनं हिशेब लावला. मार्च छप्पन्न. म्हणजे साडेपाच वर्षं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मीकाचा पाय मोडला होता आणि तिनं सहा महिने तिची घाण काढली होती. तिच्या बापानं हुंड्यात दिलेली ऑलिव्हची अकरा झाडं नीकोदेमोच्या वतीनं कोसिमो झोडपत होता. विधवेची झाडं विधवेकडे परत जातात. परदेशातल्या नवऱ्याची झाडं मात्र भावाकडेच राहतात. त्यांना तिच्याकडून हवं होतं ते एवढंच होतं, झाडं आणि दोन हात. तिचा कुणी द्वेषसुद्धा केला नव्हता.

मीका अंगणात शेंगा सोलत होती. सावेरिया समोर उभी राहिली.

"आई, नीकोदेमो कधी गेला?"

"पन्नास साली. तुला माहीत नाही का?"

"तसा नाही. मेला कधी?"

मीकाच्या मांडीवरचं टोपलं हललं नाही. ती नवऱ्याच्या मृत्यूपासून काळ्याच कपड्यांत होती. त्याच काळ्यात तिनं मुलाचंही दुःख धरलं आणि कुणाला फरक दिसला नाही, हे सावेरियाच्या आता ध्यानात आलं.

"माझा पोरगा," मीका सावकाश म्हणाली, "आणि मला मोठ्यानं रडता आलं नाही. उशीत तोंड घालून रडले. चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना करवायची तर दोन डोंगर ओलांडून मठात जावं लागलं. तुला वाटतं मी सुखानं केलं हे?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

याचं खोटं उत्तर देता आलं असतं. सावेरियानं दिलं नाही. "नसते राहिले."

"मग," मीका म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

कोसिमो आला तेव्हाही तो ओरडला नाही. त्यानं उतारा मागितला. तिनं दिला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकला आणि म्हणाला, "बरं. विधवा तर विधवा. मग विधवेसारखी वाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची मृत्यूची घंटा वाजली. कोसिमोनं पाद्र्याला जाऊन सांगितलं होतं की दादा गेल्याची बातमी आली. बातमी कधी आली हे त्यानं सांगितलं नाही आणि पाद्र्यानं विचारलं नाही. तासाभरात अंगण बायकांनी भरलं. टोमॅटो उकळायची मोठी कढई चुलाण्यावर चढली आणि पाण्यात काळ्या रंगाच्या पुड्या पडल्या. पेत्रासेकात बाई विधवा झाली की तिचे सगळे कपडे त्याच दिवशी काळे रंगवतात. शेजारणीच रंगवतात, कारण तिला त्या दिवशी हात हलवायचा नसतो. आणि मग एक वर्ष ती घराबाहेर पडत नाही. पाण्यालाही नाही, प्रार्थनेलाही नाही.

नाताळाला अडीच महिने होते.

मीका आता मोकळेपणानं रडत होती. साडेपाच वर्षांचं साचलेलं रडणं होतं ते. तिच्याकडे पाहून बाकीच्या रडू लागल्या. जेसुमीनानं सावेरियाची पेटी उघडली आणि दोन्ही झगे, पोलकं, परकर कढईत सोडले. काठीनं दाबले. मग हात पुढे केला. "डोक्याचा रुमाल दे."

सावेरिया उभी राहिली. त्या दिवशी विधवेनं उभं राहायचं नसतं. रडणं थोडं कमी झालं. तिनं पोलक्यातून कागद काढला आणि वाचला, तसाच अडखळत, जसं तिला वाचता येत होतं.

"पाच मार्च एकोणीसशे छप्पन्न. रोसारियो." ती थांबली. "आज तारीख काय?"

तिनं कागदाची घडी घातली.

"त्याच्या सुतकाचं वर्ष मार्च सत्तावन्नला संपलं. ते वर्ष मी घरात बसून काढलंय. त्याच्यानंतरची आणखी चार काढलीत. मला कुणी सांगितलं नाही, पण काढलीत. तुम्ही सगळ्या साक्षीदार आहात. मी कुठं गेले होते?"

"सावेरिया, बस खाली," कोसिमो दारातून म्हणाला. "लोकांसमोर तमाशा नको."

"लोकांना तुम्हीच बोलावलंत."

"त्याचा आत्मा..."

"त्याचा आत्मा फोर्तुनातोच्या कपाटात होता," ती म्हणाली. "तिथून काढून आणलाय मी."

एक म्हातारी म्हणाली, असं बोलू नये. दुसरीनं विचारलं, छप्पन्न म्हणजे कधी गं, आणि तिसरीनं बोटांवर मोजून सांगितलं. जेसुमीनाच्या हातातली काठी कढईत तशीच उभी होती. ती कोसिमोकडे पाहत होती, मग घाटाच्या दिशेनं, जिकडे नगरपालिकेचं छप्पर दिसतं, तिकडे.

सावेरियानं तपकिरी रुमाल सोडला आणि शेंगांच्या टोपल्यावर ठेवला. काळा घेतला नाही. कोसिमो वाटेत उभा राहिला. ती त्याच्यापुढे जाऊन थांबली. अंगणात तीस बायका होत्या आणि त्यांतली एकही आता रडत नव्हती. तो बाजूला झाला. लाजेनं झाला की मोजून, हे सांगता येणार नाही.

नगरपालिकेत एल्विराबाई ठरल्याप्रमाणे फोटो घेऊन आधीच पोचल्या होत्या. फोर्तुनातोनं अर्ज पाहिला. "घरात सुतक, आणि तुम्ही इथं?"

"तुम्ही ऑगस्टात माझ्यासमोर पत्र लिहिलंत," सावेरिया म्हणाली. "ते कुणाला लिहिलंत, साहेब?"

तो चष्मा पुसू लागला.

"या कोर्टाच्या उताऱ्यावर तुमची सही आहे. मी वाचली. अर्जाची पोच द्या, तारीख घालून. नाही दिलीत तर आम्ही उद्याच्या बसनं पुन्हा तिथंच जाऊ."

फोर्तुनातोनं पोच लिहिली. त्याचं अक्षर त्या दिवशी फारसं वळणदार आलं नाही. अर्जावर 'वैवाहिक स्थिती' असा रकाना होता. तो भरायला त्यानं टाक उचलला, तेव्हा सावेरियानं कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतः लिहिलं: विधवा. ते लिहायला तिला वेळ लागला. रांगेतले लोक थांबले.

त्या रात्रीपासून ती शाळेच्या मागच्या खोलीत राहिली. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. दुकानदार तिच्या हातात वस्तू न देता फळीवर ठेवी. कारंज्यावर ती आली की बायका घागर अर्धी भरूनच निघत. एल्विराबाईंच्या वर्गाला चौदा बायका येत, त्यांतल्या सहाजणींचं येणं घरच्यांनी बंद केलं. पासपोर्ट आला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. झाडांचा दावा कोर्टात पडून राहिला आणि अजून पडून आहे.

पण सुतकाच्या त्या दिवसानंतर लगेचच्या मंगळवारी, दुपारी, गाव झोपलेलं असताना शाळेचं दार वाजलं. जेसुमीना होती. बोटं अजून काळी होती. तिनं सावेरियाकडे पाहिलंही नाही. मागच्या बाकावर बसली. एल्विराबाईंनी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव लिहायचं शिकूया?"

"नाव राहू दे," जेसुमीना म्हणाली. "'मृत' कसं लिहितात ते आधी दाखवा. मला वहीत शोधायचंय."